हक्काची लाट

९ जानेवारी

प्रिय वगैरे वगैरे बारके,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. तुला फोन केला की तुझा मॅनेजर उचलतो आणि "निरोप पोचवतो" म्हणतो, जसं काही मी तुला विमा विकायला फोन केलाय. सख्ख्या बहिणीने निरोप ठेवायचा? म्हणून हा कागद. स्पर्धेच्या कार्यालयाच्या पत्त्यावर पाठवतेय. पाकीट फोडायचं काम तरी तू स्वतः करत असशील.

तर, अभिनंदन. सर्फिंगच्या एवढ्या मोठ्या स्पर्धेत तिसरी आलीस. बाबांनी शेडमध्ये टीव्ही आणून रेझिनच्या पिंपावर ठेवलाय. टीव्हीवर तुझी हीट, म्हणजे तुझी फेरी, लागली की सर्फबोर्ड दुरुस्तीचं काम बंद, मी एकटीच घासत बसते. ते म्हणतात, "अगं बघ तरी, काय वळली!" बघतेय की. वळतेस चांगली, खोटं का बोलू. पण उजवा हात अजून कोंबडीच्या पंखासारखा वर जातो तुझा. एवढे पगारी प्रशिक्षक ठेवलेत, एकाच्याही डोळ्यांना दिसू नये?

आणि ते टी-शर्ट. कोपऱ्यावरच्या दुकानात टांगलेत. 'बारकी' अशी मोठ्ठी अक्षरं आणि खाली लाट. ते नाव मी ठेवलंय, हे कुणाला माहीत तरी आहे का? तुला दवाखान्यातून आणलं तेव्हा मीच म्हटलं होतं, ही बारकी माझ्या अंथरुणात नको. तेच आता छापून विकतात. तुला पैसे पुरवणाऱ्या त्या कंपनीने मला एक टी-शर्ट पाठवला नाही. पाठवला असता तरी घातला नसता, ती गोष्ट वेगळी.

माझं काय विचारशील तर सकाळी शिकवणी, दुपारी शेड. शिकवणीला यंदा गर्दी आहे. आयाच पोरींना घेऊन येतात. पोर अजून गुडघाभर पाण्यात उभी राहायला घाबरते आणि आई मला विचारते, "बारकीसारखी होईल ना हो?" शिकवायचं मी, आणि व्हायचं तिने तू! मी हसून म्हणते, होईल की. काय बोलणार.

याच बायका आपण लहान असताना बाबांना सांगायच्या, पोरींना उन्हात वाळवून वाया घालवताय. तेव्हा समुद्रावर दिवस काढणारा माणूस म्हणजे बिनकामाचा. पहिली स्पर्धा आठवते? भोंगेकाकांनी आपल्या गाडीचा भोंगा काढून आणला होता, तोच वाजवून सुरुवात आणि तोच वाजवून शेवट. जज म्हणून शाळेतले दोन मास्तर आणि एक आइस्क्रीमवाला. मास्तरांनी पट्टीने मार्जिन आखून गुण दिले. बक्षीस एक थर्मास, आणि तो मी जिंकला होता. तू दुसऱ्याच लाटेला पडून रडत बाहेर आली होतीस. आता पाच जज, मोठा पडदा, क्रमवारी, करार. सगळं आलं ते माझी वेळ निघून गेल्यावर. बरोबर तुझ्या वेळेला.

असो. जेवत जा. टीव्हीवर गालफडं बसलेली दिसतात.

ताई
(टी-शर्टवर नसलेली)


२ मार्च

बारके,

तुझं कार्ड मिळालं. चार ओळी! त्यातली एक हवामानावर. मी दोन्ही बाजूंनी पान भरते आणि राणीसाहेब चार ओळींत आटपतात. आईने मात्र ते कार्ड आरशात खोचलंय, त्यामुळे वेणी घालताना रोज तुझं तोंड आधी बघावं लागतं मला.

मोठी बातमी तुला आमच्या आधी कळली असेलच. तुमची ती जगभर फिरणारी जत्रा यंदा आपल्या किनाऱ्यावर येतेय. कालपासून लोखंडी पाइप उतरवताहेत. जजसाठी मचाण, खेळाडूंसाठी तंबू, मधोमध कठडा. मी रोजच्यासारखी बोर्ड घेऊन निघाले तर एक पोरगा शिट्टी वाजवून म्हणतो, "मॅडम, इथून खेळाडूंचीच वाट." मी म्हटलं, बाळा, तुझ्या जन्माआधीपासून ही माझी वाट आहे. तर म्हणतो, "पास दाखवा." अंगाचा नुसता तिळपापड झाला.

बाबा काळजीत आहेत. तिसरी आलीस त्यानंतरच्या दोन्ही स्पर्धांत पहिल्याच फेरीत बाद झालीस. आपल्याकडची स्पर्धा झाली की क्रमवारीतल्या खालच्यांना टूरमधून काढणार, हे त्यांनी मला पुन्हा पुन्हा समजावून सांगितलं, जसं काही मला वाचता येत नाही. "एक फेरी जिंकली तरी राहील गं ती," म्हणत शेडमध्ये येरझारा घालतात. मी म्हटलं, जिंकेल की, घरचा समुद्र आहे. मला काळजी वाटते का? वाटते. पण बाबांना माझी अशी काळजी वाटलेली मी कधी पाहिली नाही, हेही तितकंच खरं.

तो कंपनीचा माणूस आला होता तो दिवस आठवतो तुला? तुला नसेल आठवत, तुझ्यासाठी तो नुसता एक चांगला दिवस. मी नवीन बोर्ड काढला होता. सकाळपासून मेण घासत होते. त्याने दोघींना पाहिलं, माझ्या लाटांना टाळ्यासुद्धा वाजवल्या, आणि बाबांना म्हणाला, "मोठी तयार आहे, पण धाकटी घडवता येईल." आता तयार असणं हा काय गुन्हा झाला? मी त्यावर कधी चकार शब्द बोलले नाही. आजही बोलत नाहीये, सहज आठवलं म्हणून लिहिलं.

आणखी एक. भोंगेकाका माझ्या मागेच लागलेत. आयोजक स्थानिक खेळाडूला एक जागा देतात ना, ती कुणाला द्यायची ते काकांच्या हातात आहे, तर ती तूच घे म्हणतात. मी नको नको म्हणत होते. पण म्हातारा माणूस, किती मोडता घालायचा? घेतली.

तुझी खोली झाडून ठेवलीय. म्हणजे आईने. माझं सामान तिथून काढून जिन्याखाली ठेवलंय, तेही आईनेच.

ताई


११ मार्च

बारके,

खेळाडूंच्या तंबूत हे पत्र देतेय, तिथल्या मुलीने देईन म्हटलंय.

घरी न येता हॉटेलात उतरलीस. संघाचा नियम आहे, मॅनेजरने आईला सांगितलं. आई म्हणाली, "असेल बाई नियम," आणि घातलेली चादर तशीच राहू दिली. मी जिन्याखालचं सामान परत वर न्यायचा विषय काढला तर तिने माझ्याकडे असं बघितलं, की मी विषय सोडून दिला.

फळा पाहिलास ना? पहिली फेरी, चौथी हीट, तू आणि मी. चिठ्ठ्या त्यांनी टाकल्या, मी नाही. बाबांनी ते वाचलं आणि खुर्चीवर बसलेच. मग म्हणाले, "तू... जरा बघशील ना?"

काय बघू? सांग ना मला, काय बघायचंय मी? त्यांनी पुढे तोंड उघडलं नाही, पण मी काय दूधखुळी आहे? मी हरावं, असं माझ्या बापाला वाटतं. आईलाही वाटतं, पण ती निदान भांडी घासण्याचं नाटक करत होती. गावाला वाटतं. टी-शर्टवाल्याला तर फारच वाटतं, त्याने नवीन गठ्ठा मागवलाय.

मी खोटी हरणार नाही, हे कळवायला हे पत्र. तू टूरमधून बाहेर पडलीस तर मला वाईट वाटेल. पण त्या दिवशी वाटणार नाही, नंतर कधीतरी वाटेल.

पाण्यात भेटू.

ताई


१४ मार्च

बारके,

झालं तुझ्या मनासारखं. अभिनंदन करायला हे पत्र लिहीत नाहीये. मला झोप येत नाही म्हणूनही नाही, झोप मस्त लागते. मला तुला फक्त सांगायचंय, की मला सगळं कळलंय.

शेवटची पाच मिनिटं उरली होती आणि मी पुढे होते. तू मागे होतीस, टूरमधली जगभर फिरून आलेली तू, आणि जिन्याखाली सामान असलेली मी पुढे! माझी पहिली लाट बघून मचाणावरच्या जजनी दिलेले गुण भोंग्यावर सांगितले, तेव्हा किनारा क्षणभर गप्प झाला होता. माझ्या आयुष्यात मी एवढी छान शांतता ऐकली नाही. तुला सहाच्या वर गुण देणारी एक लाट हवी होती आणि हक्क माझ्याकडे होता. आईला हा नियम समजावून माझं तोंड दुखलंय, पण सोपा तर आहे. जिचा हक्क, तिने हवी ती लाट घ्यायची, दुसरीने मध्ये घुसायचं नाही. मात्र एकदा घेतली की हक्क दुसरीकडे गेला. लाट फुसकी निघाली तरी गेला.

म्हणजे मी काय करायचं होतं? काही नाही! नुसतं तुझ्याशेजारी बसून राहायचं, चांगली आली तर घ्यायची, वाईट आली तर जाऊ द्यायची. शिकवणीतली पोरगीसुद्धा हे सांगेल.

आणि तू त्या मरतुकड्या लाटेसाठी हात मारायला लागलीस.

मान खाली, जीव तोडून. मी लाटेकडे पाहिलंच नाही गं. तुझ्याकडे पाहिलं. बारकीला काहीतरी दिसलंय, बारकीला काहीतरी मिळतंय, एवढंच डोक्यात आलं आणि मी वळून हात मारले. हक्क माझा होता, लाट माझी झाली. उभी राहिले तर पायाखाली नुसता फेस. मागे वळून पाहते तो तू कधीच थांबली होतीस. बोर्डवर निवांत बसून आत समुद्राकडे बघत होतीस, आणि तिथून ती येत होती, दिवसभरातली सगळ्यात मोठी. हक्क आता तुझा.

ती तू कशी घेतलीस ते मी फेसात उभी राहून पाहिलं. हात पंखासारखा वर गेला नाही एकदाही.

हे सगळं मी गिळलं असतं. पण पडद्यावरची ती मुलाखत! माइकवाल्याने विचारलं, "ती त्या लाटेला जाईल, हे तुम्हाला कसं ठाऊक?" आणि तू केस पिळत म्हणालीस, "ताई आहे माझी. मी हात घातला त्यात तिला हात घालायचाच असतो." अख्खा किनारा हसला. भोंगेकाका हसले. आइस्क्रीमवालासुद्धा हसला. तू मला चव्हाट्यावर आणलंस, बारके, दहा हात उंच पडद्यावर.

घरी आल्यावर माझी समजूत काढायला कुणी येईल असं वाटलं होतं. तर भोंगेकाका पेढा खाल्ल्यासारखं तोंड करून आईला म्हणाले, "मोठी स्वतःच आली होती माझ्याकडे, जागा मला द्या म्हणून. मी म्हटलं, खेळू दे." झालं, तेही बाहेर आलं.

तू जेवायला आलीस तेव्हा मी शेडमध्ये होते. एक बोर्ड घासायचा राहिला होता. राहिला नव्हता, पण घासला. खिडकीतून तुमचं हसणं ऐकू येत होतं. जाताना तू दारापर्यंत आलीस, दोनदा "ताई" म्हणालीस. मशीन चालू असल्याने ऐकू आलं नाही.

पुन्हा पत्र लिहू नकोस. मीही लिहिणार नाही.


३० एप्रिल

बारके,

लिहिणार नव्हते. आई म्हणाली, उत्तर दे, म्हणून देतेय.

यावेळी तू दोन पानं लिहिलीस, सुधारणा आहे. पडद्यावर बोललीस त्याची माफी मागितलीस, ती राहू दे तुझ्याकडे. खरं तेच बोललीस, राग त्याचाच आहे. तुझ्या प्रशिक्षकाला मी सरावासाठी तुझ्याबरोबर हवी आहे म्हणे, राहणं-खाणं तुमच्याकडून. काय म्हणून येऊ? तुझे बोर्ड पुसायला? लोक विचारतील ही कोण, आणि तू म्हणशील, ही ती, फुसक्या लाटेवाली. नको बाई.

शेवटी तो प्रश्न विचारलायस. "ताई, मी जिंकले तेव्हा तुला जरा तरी आनंद झाला का? खरं सांग."

इथे उकाडा फार आहे. बाबांचा खांदा दुखतोय. शेडचं छप्पर गळतंय, पावसाआधी बघायला हवं. शिकवणीतली एक पोरगी काल पहिल्यांदा उभी राहिली आणि ओरडली, "बारकी!" मी म्हटलं, उद्यापासून फी दुप्पट.

ताई


१९ जून

बारके,

पाकिटावरचा शिक्का बघून चक्रावली असशील. मी घरी नाहीये. पात्रता फेऱ्यांना आलेय, त्याच, ज्यातून वर चढत तुमच्यापर्यंत येता येतं. अर्ज मीच केला, भोंगेकाकांच्या डोक्यावर खापर नाही फोडलं यावेळी. बाबांना सांगितलं तर ते बराच वेळ माझ्या बोर्डाची कड चाचपत राहिले आणि म्हणाले, "याची शेपूट जरा बारीक करून देतो, तिकडे लाटा उभ्या असतात." रात्रीचं जेवण सोडून करत बसले. माझ्यासाठी.

एका खोलीत सहा जणी आहोत. बाकीच्या पाच जणींचं वय मिळून माझ्याएवढं होत नसेल. मला मावशी म्हणतात. आंघोळीला नंबर लावायचा तर "आधी मावशींना जाऊ दे." जीव घेईन एकेकीचा. एकीच्या अंगात 'बारकी' टी-शर्ट आहे, झोपताना घालते. मी तिला सांगितलं नव्हतं मी कोण. म्हटलं, आपोआप कळेल तेव्हा कळेल.

पहिल्या हीटमध्ये मी तुझीच युक्ती केली. हक्क त्या पोरीकडे होता, मी एका फालतू लाटेसाठी जीव तोडून हात मारले. तिने मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. बसली होती नखं बघत. मी परत आले, पुन्हा केलं, पुन्हा तेच. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझ्या हातात काय आहे याचं त्या पोरीला काय पडलंय? तिला जायचं कशाला तिकडे? ही युक्ती चालायला समोरचीला माझ्यावरून नजर काढता नाही आली पाहिजे. अशी मला कोण मिळणार इथे? शेवटी गुपचूप नीट लाटा घेतल्या आणि जिंकले. दुसरी फेरीही जिंकले. उद्या तिसरी.

आज संध्याकाळी सगळ्याजणी भोजनगृहात एका फोनभोवती कोंडाळं करून बसल्या होत्या. तुझी उपांत्य फेरी. मी लांबच्या टेबलावर बसले, चहा घेऊन, मला त्याचं काहीच नाही अशी. तू हरलीस तेव्हा पोरी हळहळल्या आणि माझ्या पोटात कसं गार गार वाटलं. हो, वाटलं. लपवून काय करू? चहाचा एक घोट शांतपणे प्यायले.

मग त्या जिंकलेल्या बाईने पाण्यातच दोन्ही हात वर केले, आणि तुझ्याकडे बघून हसली. बारके, माझं डोकंच फिरलं. खुर्ची मागे पडली माझी. ही कोण लागून गेली? हिची काय बिशाद, माझ्या बहिणीला बघून दात काढायची? मी एवढ्या मोठ्याने बोलले, की त्या टी-शर्टवालीने विचारलं, "मावशी, तुमची बहीण कोण?" मग सांगावं लागलं. आता सगळ्या माझ्याभोवती आहेत आणि तुझ्याबद्दल विचारताहेत. माझ्याबद्दल एकीनेही नाही. जाऊ दे.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलंय. नाही. तू जिंकलीस तेव्हा मला आनंद झाला नाही, कणभरही नाही. जळले. आत्ताही जळतेय, हे लिहिताना सुद्धा, तू कुठल्या हॉटेलात बसून हे वाचत असशील ते डोळ्यांसमोर येऊन जळतेय. मला तुला हरवायचंय. पाण्यात, सगळ्यांदेखत, तू पुऱ्या जोरात असताना. दुसऱ्या कुणाला हरवून माझं पोट भरणार नाही, हे मला इथे येऊन कळलं.

पण मला तिथवर यायला वेळ लागणार, माझं वय बघता जरा जास्तच. तेवढं टिकून राहा. हाडंबिडं मोडून घेऊ नकोस. दमलीस म्हणून सोडून देऊ नकोस. आणि त्या बाईकडून पुन्हा हरलीस तर माझ्याशी गाठ आहे. मी येईपर्यंत तू तिथून हलायचं नाहीस, सांगून ठेवते.

ताई